कवळीताईची गाडी

ती कवळ्या बनवायची. दातांच्या दवाखान्यांतून मापं आणायची, कामाच्या खोलीत प्लास्टरच्या जबड्यांवर मेण चढवून दात बसवायचे आणि तयार माल पोचवून यायचं. सगळी इमारत तिला कवळीताई म्हणे. दवाखाने तसे जवळचेच. म्हणजे चालत गेलं तर पायांचे तुकडे पडावेत आणि टॅक्सीवाल्याला विचारलं तर त्यानं तोंड फिरवावं, इतपत जवळ. म्हणून चाळिशी उलटल्यावर तिनं विजेवर चालणारी मोपेड घेतली आणि चालवायलाही आपली आपणच शिकली.

त्या गाडीचं तिला कौतुक किती, काही विचारू नका. एखाद वेळी स्वतःचा फोन चार्जिंगला लावायला विसरेल, पण गाडी नाही. सीट पुसायला एक फडकं, आरशांना दुसरं. दवाखान्यासमोर हेल्मेट काढताना आपल्याकडे कुणी बघतंय का, हे ती हळूच बघून घेई. बघत असलं तर हेल्मेट निघायला जरा जास्त वेळ लागे. आणि का लागू नये? स्वतःच्या कमाईची, स्वतःच्या नावावरची पहिली गाडी होती.

इमारतीतली मंडळी मात्र ती कधी पडते याची वाट बघून थकली होती. या वयात नसते उद्योग कशाला, असं काळजीच्या सुरात म्हणायचं आणि खिडकीत उभं राहायचं. ती काही पडेना. मंडळींचा अगदी हिरमोड झाला होता.

घरात बाबा होते. त्यांनी जन्मभर शहराची बस चालवली होती आणि तिला कधी ओरखडा उठू दिला नव्हता. मुलाला त्यांनी मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला शिकवलं. मुलीला खिडकीजवळची जागा दिली, तीही मोठ्या उदारपणे.

"आवाज नाही ती गाडी कसली?" ते म्हणत. "ही तर चाकं लावलेली इस्त्री."

तिच्या मागे ते एकदाही बसले नव्हते. ड्रायव्हर माणूस कुणाच्या मागे बसत नाही, म्हणे. इमारतीनं काहीही बोलावं, तिला त्याची फिकीर नव्हती. बाबांनी एकदा मागे बसावं, एवढंच तिला हवं होतं. आणि नेमकं तेवढंच मागायला तिची जीभ रेटत नव्हती.

उरलेसुरले दात काढल्यापासून बाबा तोंडावर रुमाल धरून बोलत, तेही घरातल्यांशीच. त्यांची कवळी अर्थात तीच करत होती. त्या सकाळी मेणात बसवलेले दात दवाखान्यात तोंडात घालून बघायचे होते. बाबा टॅक्सीसाठी फाटकाशी उभे राहिले. तिनं गाडी काढली, किल्ली फिरवली आणि मग लक्षात आलं की दातांची डबी वरच राहिली. बापाचे दात घरी ठेवून ही निघाली होती. ती तशीच जिन्याकडे पळाली.

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. इतके दिवस नावं ठेवलेल्या गाडीवर ते हळूच जाऊन बसले. इंजिन ऐकू येईना, म्हणजे गाडी बंद. कानानं गाडी ओळखण्यात हयात गेलेला माणूस तो. हँडलची मूठ किती घट्ट आहे बघावं, म्हणून त्यांनी ती चांगली पिळली. इस्त्रीनं झेप घेतली ती थेट तळमजल्यावरच्या मास्तरीणबाईंच्या कुंड्यांत.

ती खाली आली तर कुंड्या फुटलेल्या, गाडी आडवी आणि बाबा शेजारी उभे. लागलं कुठंच नव्हतं, पण गुडघ्यांना माती होती आणि तोंडावर रुमाल. खिडक्या भराभर उघडल्या. बाबांचा असा पडलेला चेहरा तिनं आजवर पाहिला नव्हता.

"कुणी केलं हे?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"मी," ती म्हणाली. "वळवताना तोल गेला. कुंड्या नव्या आणून देते."

"मी म्हणतच होते," वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. "झेपत नाही तर घ्यावी कशाला माणसानं?"

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतक्या दिवसांची ताठ मान एका क्षणात गेली होती. ती गाडी उचलायला वाकली.

बाबांनी रुमाल खिशात कोंबला. मग सगळ्या खिडक्यांकडे तोंड वर करून, बोळक्या तोंडानं, भरलेल्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "तिनं नाही पाडली. मी पाडली. चालू आहे हे मला कळलंच नाही. ती चांगली चालवते. मी रोज वरून बघतो."

दातांवाचून शब्दाशब्दाला हवा जात होती, पण कुणाला काही पुन्हा विचारावं लागलं नाही. वहिनींची खिडकी आधी मिटली.

"टॅक्सी काही येत नाही," बाबा तिला म्हणाले. "सरक पुढे."

तिनं डिकीतून दुसरं हेल्मेट काढलं. गाडी घेतली त्याच दिवशी ते बाबांच्या मापाचं आणलं होतं. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि मुकाट्यानं घातलं.

पहिल्या चौकात तिच्या टाचेला मागून धक्का लागला. बाबा पायानं नसलेला ब्रेक दाबत होते. पुढच्या वळणावरही दाबला. ती हसली. अभिमानानं तिचा ऊर इतका भरून आला होता की बोलायला गेली असती तर रडूच आलं असतं.

मोठ्या रस्त्यावर एक बस अचानक आडवी आली. तिनं वेग कमी केला, बसला आधी जाऊ दिलं आणि मग गाडी पुढे काढली. या वेळी धक्का लागला नाही. तिनं आरशात पाहिलं. बाबा रस्त्याकडे बघतच नव्हते. मान वळवून ते निवांत दुकानं बघत बसले होते.