झोफी होडीने ऐकलेले

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे, पण माझ्याकडे पाहून कुणाला ते पटणार नाही. बालातोन तळ्याच्या उत्तर काठावर, उंच लव्हाळ्यांच्या मागे मी कित्येक वर्षे पालथी पडून आहे. माझ्या पोटाखाली मांजरी वितात. पाठीवर शेवाळ चढले आहे. या हिवाळ्यात मला फोडून सरपण करायचे ठरले आहे असे कानावर आले, तेव्हा वाटले, जाण्याआधी एकदा बोलून घ्यावे.

मला अम्ब्रुश नावाच्या कोळ्याने बांधले. ओकच्या लाकडाचा कणा, त्यावर पाइनच्या फळ्या, आणि दोन फळ्यांच्या सांध्यात काथ्या ठोकून वरून गरम डांबर. त्याची मुलगी तेव्हा रांगत होती. तिचेच नाव त्याने माझ्या नाकाडावर रंगवले, झोफी. पुष्कळ वर्षे मी त्याच्याबरोबर मासे वाहिले. दर वसंतात तो मला काठावर ओढून घेई, एकेक सांधा बोटाने चाचपून बघे, जुना काथ्या काढून नवा भरे. त्याची बायको कुरकुरायची, "माझे सांधे दुखतात ते दिसत नाहीत, हिचे बरे दिसतात!" अम्ब्रुश म्हातारा झाला आणि त्याने मला शेजारच्या विश्रामगृहाला देऊन टाकले.

हे विश्रामगृह म्हणजे पूर्वी एका सरदाराची हवेली होती. सरदार गेले, नवे सरकार आले आणि हवेली गणित करणाऱ्या लोकांना मिळाली. दर थोड्या वर्षांनी उन्हाळ्यात तिथे संख्यांचा अभ्यास करणाऱ्यांचे संमेलन भरे. त्या काळी युरोपच्या मधोमध काटेरी तारा होत्या. मॉस्कोचा माणूस पॅरिसला जाऊ शकत नसे आणि पॅरिसच्या माणसाला मॉस्कोचा परवाना मिळता मिळत नसे. आमच्या काठावर मात्र दोघेही येत. वर्षानुवर्षे एकमेकांचे लेख वाचून ओळख झालेली माणसे इथे पहिल्यांदा एकमेकांचा चेहरा बघत. मग झणझणीत मासळीचा रस्सा खाता खाता भांडत.

मला ते लोक फार आवडत. वल्हवता त्यांना अजिबात येत नसे. एकदा दोघेजण बोलण्यात इतके रंगले की वल्ही हातात धरूनच बसले आणि मी आपली आपण लव्हाळ्यांत जाऊन अडकले. जेवणाची घंटा झाली तरी त्यांना पत्ता नव्हता. पण उतरताना प्रत्येकजण माझ्या काठावर थाप मारून म्हणे, "छान आहे हो ही झोफी!" तेवढ्याने माझे पोट भरे.

या सगळ्यांचे यजमान होते एलेमेर बोगार सर. अंगाने आडवे, मिशा पांढऱ्या, डोक्यावर गवती हॅट. त्यांचे हृदय नाजूक होते आणि डॉक्टरांनी वल्ही मारायला मनाई केली होती. त्यांची बायको एतेल्काकाकू गच्चीवरून ओरडायच्या, "एलेमेर, उतरा खाली!" आणि सर हॅट हलवून मला आणखी आत न्यायचे.

ज्या उन्हाळ्याची गोष्ट मी सांगते आहे, त्या वेळी संमेलनाला नेहमीपेक्षा दुप्पट माणसे आली होती. कारण सरांनी एक फार जुना प्रश्न सोडवल्याची बातमी पसरली होती. अकरा-तेरा, सतरा-एकोणीस अशा जोडमूळ संख्या तुम्ही शाळेत शिकला असाल. पुढे पुढे त्या विरळ होत जातात. त्या कुठेतरी संपतात की कधीच संपत नाहीत, एवढाच प्रश्न. सरांचे म्हणणे, कधीच संपत नाहीत, आणि त्याचा पुरावा ते शुक्रवारी सर्वांसमोर मांडणार होते.

पाहुणे येणार म्हणून त्या वर्षी विश्रामगृहाची साफसफाई निघाली. तिथला रखवालदार गाश्पार याने मलाही निळा रंग दिला. माझ्या डाव्या कुशीचा एक सांधा तेव्हा उकलला होता. स्वयंपाकीणबाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "अरे, आधी काथ्या भर की!"

"पाहुणे रंग बघतात, बाई. हिचं पोट कोण बघतंय?" असे म्हणून गाश्पारने फटीवरून कुंचला फिरवला.

बुधवारी दुपारी संमेलनाला सुट्टी असे. सर धक्क्यावर आले, त्यांच्या मागे इल्का वादास. इल्का एके काळी त्यांची विद्यार्थिनी होती. लग्न करून ती सीमेपलीकडे चेकोस्लोव्हाकियात, कश्शा गावी गेली होती आणि तिथल्या महाविद्यालयात शिकवत होती. संमेलनाला येण्यासाठी तिला दर वेळी दहा कचेऱ्या पालथ्या घालाव्या लागत. ती सरांना म्हणाली, "काठाकाठानं चालू या ना, सर." सर म्हणाले, "चालणं म्हाताऱ्यांना सांग," आणि वल्ही घेऊन बसले. तिला नाइलाजाने चढावे लागले. हे नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. तळ्यावर नेले ते सरांनी.

बरेच आत गेल्यावर ती म्हणाली, "सर, एक विचारू?"

"विचार की. तुला परवानगी कधीपासून लागायला लागली?"

"तुमच्या पुराव्याची तिसरी पायरी. चाळून उरलेल्या संख्या दोन्हीकडे सारख्या पसरतात असं तुम्ही म्हणता. ते सिद्ध कुठं झालंय?"

"अगं, ते जुनंच आहे. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना वाटतं, सर. मी खूप शोधलं. कुणीच सिद्ध केलेलं नाही."

सरांनी वल्ही पाण्याबाहेर काढली. टोकांवरून थेंब गळत राहिले. मग स्वतःच्या गुडघ्यावर जोरात थाप मारून म्हणाले, "गाढव! तुला नाही गं, मला म्हणतोय. कुणाला बोललीस?"

"कुणालाच नाही. आधी तुम्हाला सांगायचं होतं."

"तिहामेरलाही नाही?"

"नाही."

"बरं केलंस. तो रडला असता." तिहामेर हा सरांचा मदतनीस प्राध्यापक. सरांवर त्याचा जीव होता.

सर आता पाण्यात बोट बुडवून माझ्या फळीवर काहीतरी लिहू लागले. उन्हाने ते वाळे, की पुन्हा लिहीत. तेवढ्यात काठावरून लाल अग्निबाण सुटला. आमच्या तळ्यावर वादळ येणार असले की तो सोडतात. हे तळे उथळ आहे, पण वारा सुटला की एकदम पिसाळते.

"सर, बाण सुटला. परत फिरू."

"थांब गं, जरा थांब. एक वाट दिसते आहे मला."

"सर, लाल आहे!"

"दिसतोय. जरा थांब."

ती थांबली. तिने थांबायला नको होते असे तुम्ही म्हणाल, पण तिच्या जागी दुसरे कोणते माणूस बोलले असते? तिचे सर तिच्यासमोर विचार करत होते. शेवटी त्यांनी ओल्या तळव्याने फळी पुसून टाकली.

"नाही. हीसुद्धा पुढं बंद आहे," ते म्हणाले. "आता ऐक. शुक्रवारी मी फळ्यासमोर उभा राहीन आणि माझ्या तोंडानं सांगेन, की पुरावा पडला, आणि आमच्या इल्कानं पाडला. तू पहिल्या रांगेत बसायचं. मान खाली घालायची नाही."

इल्काला हुंदका आला.

"चूक माझी आणि रडणार तू? वा! धर एक वल्हं."

पण उशीर झाला होता. पश्चिमेकडून आभाळ शाईसारखे उतरले. पहिल्या मोठ्या लाटेने माझी डावी कूस दाबली आणि निळ्या रंगाची पापडी फुटली. पाणी आत आले. इल्का हॅटने उपसत होती, सर वल्हवत होते, आणि मी जड होत चालले. मग मी उलटले.

दोघांनी माझ्या पाठीचा कणा धरला. इल्काने एका हाताने सरांची कॉलर पकडली होती. त्यांचे ओठ काळे पडले होते. ते म्हणाले, "इल्का, काहीही झालं तरी झोफीला सोडू नकोस." त्यानंतर त्यांची बोटे एकेक करून ढिली झाली. ते मला लाकडावर कळत होते. कॉलर इल्काच्या हातात फाटून राहिली. बचाव करणारी लाँच आली तेव्हा ती कॉलर तिच्या मुठीतून कुणाला काढता येईना. सर दुसऱ्या दिवशी सकाळी लव्हाळ्यांत सापडले.

शुक्रवारी संमेलन मोडले नाही. सरांना हेच आवडले असते असे सर्वांचे मत पडले. चौकशीसाठी पोलिसांनी मला गच्चीखाली आणून ठेवले होते आणि सभागृहाची दारे उन्हाळ्यामुळे सताड उघडी होती. तिहामेरने सरांचा पुरावा सरांच्या वतीने फळ्यावर मांडला. मध्ये दोनदा त्याचा आवाज फुटला. खडूचा शेवटचा आवाज थांबला तेव्हा सगळे सभागृह उभे राहिले. मॉस्कोची माणसे, पॅरिसची माणसे, सगळे डोळे पुसत होते. पहिल्या रांगेत काळ्या पोशाखात एतेल्काकाकू होत्या.

आणि मागून आवाज आला, "तिसरी पायरी सिद्ध झालेली नाही."

इल्का उभी होती. अंगावर कुणाचा तरी मागून घेतलेला झगा, तळव्यांना पट्ट्या.

"इल्का, आज नको," तिहामेर हळूच म्हणाला.

"आजच. सर आज स्वतः सांगणार होते. होडीत म्हणाले मला."

"सर म्हणाले? कुणी ऐकलं?"

"मी."

"आणखी?"

माझ्या एकेका फळीला वाटत होते, ओरडावे. पण लाकडाला फक्त करकरता येते, आणि तेही वारा असेल तर.

"आणखी कुणी नव्हतं," ती म्हणाली.

"त्यांच्या शेजारी बसून माझे केस पिकले," तिहामेर म्हणाला. "मला नाही बोलले. तुला बोलले, आणि लगेच बुडाले. छान जमवलंस!"

अध्यक्षस्थानी असलेल्या डच पाहुण्यांनी मान फिरवून तिला सांगितले, "बाई, बसा आता." कुणीतरी "शी!" म्हणाले. मग एतेल्काकाकू उठल्या आणि वळल्या.

"त्यांना पाण्यावर न्यायची काय गरज होती तुला? त्यांचं हृदय कसं होतं, माहीत नव्हतं?"

तिने फक्त एवढे म्हणायचे होते की, काकू, मी नाही नेले, सरांनी मला नेले. गच्चीखाली मी वाट बघत राहिले. पण नुकताच नवरा गमावलेल्या बाईला तिच्या नवऱ्याचा हट्ट कसा सांगायचा? इल्का म्हणाली, "चुकलं माझं, काकू."

लोकांनी तेच धरून ठेवले.

पुढे हिवाळ्यात निरनिराळ्या देशांतल्या लोकांनी पुरावा तपासला. तिसरी पायरी खरेच रिकामी होती. तो प्रश्न सुटलाच नव्हता. मला वाटले, आता तिला बोलावतील. पण पुढच्या संमेलनात गच्चीखाली पडल्या पडल्या मी जे ऐकले ते वेगळेच होते. "फट होती, मान्य आहे. पण सर जगते तर त्यांनी बुजवली असती." "हिनं तळ्यात नेऊन सांगितलं, त्या धक्क्यानंच गेले." "प्रेतावर उभं राहून शहाणपण दाखवणारी बाई." तिचे नाव पाहुण्यांत नव्हते, नंतरही कधी आले नाही. तिचे महाविद्यालयातले काम गेले आणि ती लहान मुलांच्या शाळेत पाढे शिकवते, असे कुणीतरी कॉफी ढवळता ढवळता सांगितले आणि लगेच दुसरा विषय निघाला.

मला कुणी दुरुस्त केले नाही. पुढे अपशकुनी म्हणून लव्हाळ्यांमागे ओढून टाकले. काटेरी तारा गेल्या, मग संमेलनही दुसऱ्या गावी गेले.

एका शरद ऋतूत, भर दुपारी, एतेल्काकाकू काठी टेकत लव्हाळ्यांतून आल्या. फार थकल्या होत्या. माझ्या पाठीवर बसल्या आणि श्वास खाली बसल्यावर बोलू लागल्या.

"झोफी, खरं सांग गं. म्हणाले होते का ते?"

तळ्यावर वारा नव्हता. मला करकरताही आले नाही.

"म्हणालेच असतील," त्या आपल्याशीच बोलल्या. "चूक लपवून त्यांना झोप यायची नाही. माझ्या कॉफीत साखर जास्त पडली तरी मागून येऊन सांगायचे. मला हे तेव्हाच कळायला हवं होतं. मी त्या पोरीला भर सभेत काय बोलले!" मग म्हणाल्या, "दर उन्हाळ्यात मी म्हणायची, कश्शाला जाऊन तिची माफी मागू. जाणं झालंच नाही. परवा कळलं, ती गेली."

त्यांनी माझ्या शेवाळावरून हात फिरवला, आणि आल्या तशा निघून गेल्या.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, सभांमध्ये बसाल. कधी एखादी व्यक्ती एकटीच उभी राहील, आवाज कापत असेल, आणि ती म्हणेल, इथे चूक आहे. तेव्हा तिच्याकडे साक्षीदार मागू नका. आधी फळा बघा. आणि ती बरोबर निघाली, तर उन्हाळ्याची वाट न पाहता तिच्या दाराशी जा.

एवढेच सांगायचे राहिले होते. बोगार सर तसे म्हणाले होते. मी ऐकले आहे.