जीवरामचा खोकला

अरे ऐका तर, मधे बोलू नका. आमच्या पार्टीत आधारभाऊ आहे ना, धुळ्याचा, नकला करतो तो, अन् मी त्याच्यामागं ढोलकीवर, महिनाभराचा नवा. त्याची एक रीत आहे. गावात गेलं की आधी चहाच्या हॉटेलात बसायचं, आपण कोण ते सांगायचं नाही, अन् अख्ख्या गावाला माहीत असलेला एक माणूस काढायचा. चालतो कसा, बोलतो कसा. दुपारी स्टेजवर त्याचीच नक्कल. गाव लोळतं हसून.

पण दोन गोष्टी विचारल्याशिवाय नाही. "तो जिता शे का? समोर बठी का?" म्हणजे जिवंत आहे ना, अन् समोर बसणार ना. भाऊ म्हणतो, माणूस समोर असला तर नक्कल, नसला तर चहाडी.

तर पहूरची यात्रा. भाऊचा घसा बसलेला. म्हणे, आज तू विचारून ये. मी उडत गेलो. हॉटेलवाला कय्युम रंगात आलेला. त्यानं ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा जीवराम चालून दाखवला, पाय फरफटत, पाना खांद्यावर, अन् नळावरच्या बायांना ओरडताना येणारा खोकला. मी इतका हसलो की ते दोन प्रश्न राहूनच गेले.

दुपारी भाऊनं जीवराम काढला. पहिल्या पावलाला लोक गप. दुसऱ्यालाही गप. मी आपला थाप देतोय. भाऊ खोकला तशी कय्युमनं मान खाली घातली, अन् मला ते दोन प्रश्न आठवले.

बायांमधून एक म्हातारी उठली. द्रौपदाबाई, जीवरामची बायको. तेरावा होऊन चार दिवस झालेले. मला वाटलं, आता चप्पल येते. ती म्हणाली, "असा नोता खोकत तो, भाऊ. शेवटी लांबायचा. श्वासच नाही यायचा. कर बरं."

भाऊनं केला.

"अजून लांब."

अजून लांब केला. ती खाली बसली.

एसटीत मी वाट पाहत होतो, आता शिव्या देईल, पार्टीतून काढेल. भाऊ जळगाव येईपर्यंत तोंडावर रुमाल धरून हळूहळू खोकत होता. लांब. परत. अजून लांब. मग म्हणे, "बाईनी बरोबर सांगं."

रविवारी यावल. तिथं जीवराम कोणाला माहीत? भाऊनं तोच लांब खोकला काढला, अन् काय सांगू, लोक बाकांवरून पडायचे राहिले. अन् मी, ज्यानं विचारलं नव्हतं तोच मी, बरोबर श्वास अडकतो तिथं थाप मारली. एक मात्रासुद्धा चुकली नाही.