जित्या सवतीचा टाक

लग्नात धोंडीरामनं रंभाच्या गळ्यात मंगळसूत्र घातलं आणि त्याच्याच जोडीला सवतीचा टाक. पहिली बायको सोजर बाळंतपणात गेली, असं त्यानं सांगितलं होतं. मेलेल्या सवतीची चांदीची छोटी मूर्ती दुसरीनं गळ्यात बाळगायची, गोडधोड आधी तिला दाखवायचं, म्हणजे ती छळत नाही, अशी त्यांच्यातली रीत. रंभाच्या बापानं चौकशी केली नाही. पोरगी उजवली, त्याला तेवढं पुरे होतं.

भवानी पेठेतल्या त्या खोलीत रंभा एकटी अशी कधी नव्हतीच. धोंडीराम मिलमध्ये गेला की पाठीमागे कुणीतरी उभं असायचं. भाकरी थापताना मानेवर श्वास लागायचा. नवं लुगडंसुद्धा ती आधी टाकाला लावायची, मग नेसायची. कूस उजवेना, तर धोंडीराम खुशाल म्हणायचा, सोजर कोपली आहे. निलाजरेपणाला सीमा असते म्हणतात, ती याला कुणी दाखवली नव्हती.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात, भर दुपारी दारात एक बाई आली.

‘‘धोंडीराम हितंच ऱ्हातो न्हवं?’’

‘‘व्हय. तुमी कोन?’’

‘‘मी सोजर. त्येची बायको.’’

रंभानं आधी बाईचे पाय पाहिले. उलटे नव्हते, भेगाळलेले, धुळीनं भरलेले होते. सोजरची नजर टाकावर गेली आणि ती उंबऱ्यातच बसली.

‘‘माजा टाक? अगं, मी जिती हाय की! माराला कटाळून म्हायेरी गेल्ते.’’

सोजरला सोडचिठ्ठी हवी होती. नवऱ्यानं दुसरी केली, हे रंभानं कोर्टात सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी दोघी वकिलाकडे गेल्या.

‘‘पहिली हयात, काडीमोडही झालेला नाही,’’ वकील रंभाला म्हणाले. ‘‘मग तुमचं लग्न कायद्यानं झालेलंच नाही. तुम्ही साक्ष दिलीत तर या सुटतील. पण तुम्ही त्याच्या बायको नाही, हे चारचौघांत होईल.’’

‘‘आन न्हाय दिली तर?’’

‘‘तरीही नाहीच. फक्त कुणाला कळणार नाही.’’

रंभाला हुंदका आला. ‘‘मग त्या घरात इतकी वर्सं कोन ऱ्हात हुतं, सायेब?’’

सोजरनं तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात ऊन होता. रंभानं डोळे पुसले.

‘‘लिवा.’’

‘‘पूर्ण नाव?’’

‘‘रंभा धोंडी...’’ ती थांबली. मग बापाचं नाव लावून तिनं स्वतःचं नाव सांगितलं. लग्नानंतर ते कुणी उच्चारलंच नव्हतं. वारलेल्या बाईचं नाव घ्यावं, तसं ते तिच्या तोंडून हळूच निघालं.