जुन्या बॉम्बरमधले मास्तर

"सरक बाजूला!" मास्तर ओरडले आणि दारापाशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला त्यांनी असं ढकललं, की त्याचं मनगट लोखंडी चौकटीवर आपटलं. विमानाच्या उजव्या इंजिनाने पेट घेतला होता. मास्तरांच्या पाठीला पॅराशूट होतं, हात दाराच्या खटक्यावर. मागे बाकांवर आणखी पोरं बसली आहेत, याचं त्यांना भानच उरलं नव्हतं.

तेवढ्यात पुढे बसलेल्या वैमानिकाने आग विझवली. उरलेल्या इंजिनावर रडतखडत विमान खाली आलं.

युद्ध संपल्यावर या बॉम्बरच्या पोटातला बॉम्बचा कप्पा काढून तिथे बाकं टाकली होती. नकाशा आणि होकायंत्रावरून आकाशात वाट कशी काढायची, ते मास्तर तिथे शिकवत. युद्धात असल्याच विमानातून ते तोफांच्या माऱ्यात शिरले होते. तेव्हा काळीज हललं नव्हतं. आणि आता, शांततेच्या काळात, भर दुपारी ही तऱ्हा!

खरं काय ते पोरांनी तोंडातून काढलं नाही. उलट मास्तर वर्गात आले की ती जरा जास्तच ताठ उभी राहत. ते मास्तरांना शिवीपेक्षा जास्त लागे.

"बाजारात सगळे म्हणतात, तुम्ही होतात म्हणून पोरं वाचली," बायको जेवताना म्हणाली. "मला सांगायचं तरी!"

मास्तरांनी ताट बाजूला सारलं.

रविवारी त्या ढकललेल्या विद्यार्थ्याचे वडील त्याला घेऊन विमानतळावर भेटायला आले. मुलाच्या मनगटाला पट्टी होती.

"घसरून पडला म्हणे. धांदरट आहे पहिल्यापासून. पण तुमच्यामुळे जिवंत आहे, मास्तर."

"मी काही केलं नाही हो. मीच आधी दाराकडे..."

"धावलात, पोरांना बाहेर काढायला! याने सांगितलंय सगळं."

मास्तरांनी विद्यार्थ्याकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता. कान लालभडक झाले होते. मी त्याला ढकललं, एवढंच मास्तरांना म्हणायचं होतं.

वडिलांनी कौतुकाने कॅमेरा काढला. "विमानापाशी उभे राहा दोघं. मास्तर, हात ठेवा की खांद्यावर! आपलाच आहे तो."

मास्तरांनी हात उचलला. विद्यार्थ्याने अंग चोरलं, मग स्वतःला सावरून मुद्दाम जागचा हलला नाही.

"हसा!"

मास्तरांनी हात त्याच्या खांद्यापासून बोटभर वर धरला आणि फोटो निघेपर्यंत तसाच अधांतरी ठेवला.