सासऱ्यांची दोन सीटांची गाडी

गाडीवरचं कापड ओढलं तेव्हा इतकी धूळ उडाली की सून आणि सासरे दोघांनाही शिंका आवरेनात. खाली जेमतेम कमरेइतकी उंच, लाल रंगाची जुनी स्पोर्ट्स कार होती. दोन सीटा, चपटं तोंड, हवा जाऊन बसलेले टायर. नऊ वर्षं ती जागची हलली नव्हती.

"इंजिन गेलंय तिचं," सासरे म्हणाले. "तेव्हाच सांगितलं होतं मी सगळ्यांना."

"गेलंय म्हणजे काय झालंय?"

"गेलं म्हणजे गेलं. माणूस गेल्यावर विचारतेस का असं?"

"आमच्याकडे विचारतात, बाबा. कारण लिहून द्यावं लागतं."

सून शस्त्रक्रियेच्या वॉर्डात नर्स होती, म्हणून सासरे तिला कौतुकाने सिस्टर म्हणत. त्यांनी स्वतः चाळीस वर्षं गॅरेज चालवलं होतं. गाडी फाटकातून आत येताना नुसत्या आवाजावरून ते दुखणं सांगायचे. मग हात थरथरायला लागले. गॅरेज त्यांनी हाताखालच्या फोरमनच्या हवाली केलं आणि टीव्हीसमोर बसले ते बसलेच. पण रस्त्यावरून एखादी गाडी गेली की त्यांचे ओठ हलत, "टाइमिंग चुकलंय." हे फक्त सुनेच्या लक्षात आलं होतं. दोन आठवड्यांची रजा मिळाली तशी तिने शेडची किल्ली मागून घेतली.

"बल्बसुद्धा बदलायला मला बोलावू नकोस," असं सांगून नवरा आधीच मोकळा झाला होता.

सासऱ्यांनी खुर्चीत बसून सांगायचं आणि तिने करायचं, असं ठरलं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, तर त्याला व्हार्निशचा वास. रबरी नळ्या हात लावताच तुटल्या. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. चारही प्लग काढून तिने मोठ्या सिरिंजने प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडंथोडं तेल सोडलं.

"आता चार दिवस मुरू दे," सासरे म्हणाले. "घाई केलीस तर पिस्टनच्या रिंगा तुटतील."

त्या चार दिवसांत दोन्ही कार्बोरेटर स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुटे झाले आणि घरच्यांनी उभ्याने जेवून घेतलं.

पाचव्या दिवशी तिने इंजिनाच्या पुढच्या चाकावर पाना लावला. हाताने अलगद फिरवून इंजिन सुटतंय का पाहायचं होतं. तिने जोर लावला मात्र, सासरे खुर्चीतून ताडकन उठले.

"थांब! फिरवू नकोस!"

ती जागच्या जागी थबकली. सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आत नट पडलाय, फिरवलंस तर सिलिंडरमध्ये जाईल," ते हळूच म्हणाले. "कार्बोरेटर बसवत होतो. हातातून निसटला तो थेट आत, हवेच्या वाटेत. दोन तास धडपडलो. चिमटा धरवेना." त्यांनी हात पाठीमागे नेले. "एवढ्या माणसांना हे काम शिकवलं मी. त्यांच्यातल्या कुणाला बोलावून काय सांगणार होतो? म्हणून म्हटलं, इंजिन गेलं."

तिला वॉर्डातले पेशंट आठवले, दुखतंय कुठे ते सोडून बाकी सगळं सांगणारे. ती घरात गेली आणि लांब दांड्याचं लोहचुंबक आणि टॉर्च घेऊन आली.

"कितवा सिलिंडर?"

"तिसरा."

"टॉर्च धरा."

"मला? अगं, हलेल तो."

"हलू दे. मला दिसल्याशी मतलब."

उजेड भिंतभर नाचत होता. तिने दोनदा चुंबक आत घातलं, दोनदा रिकामं निघालं. तिसऱ्यांदा खट्ट झालं. बाहेर आला तो नट करंगळीच्या नखाएवढा होता. सासऱ्यांनी तो तळहातावर घेतला. त्यांचे डोळे भरून आले आणि लगेच हसूही फुटलं. "एवढासा! नऊ वर्षं माझ्या छातीवर बसला होता मेला."

मग पाना फिरला. आधी बोटभर, मग पूर्ण फेरा. नवं तेल, नवी बॅटरी, नव्या नळ्या, नवे टायर, कार्बोरेटर परत जागेवर. रविवारी सकाळी प्लग लावून तिने सेल्फ मारला. गाडी खोकली, बंद पडली, पुन्हा खोकली. चौथ्या वेळी निळ्या धुराचा लोट निघाला आणि सगळं शेड दणाणलं. नवरा दाढीचा फेस तसाच ठेवून धावत आला.

"दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढत नाहीत," सासरे ओरडले. "नळी आण!"

त्यांनी नळीचं एक टोक कानाशी धरलं, तिने दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. ते डोळे मिटून ऐकत होते. "स्क्रू पाव आटा सैल कर. अजून जरा. हं, आता दुसरा." बघता बघता खरखर विरली आणि इंजिन एका लयीत गुरगुरायला लागलं.

ती स्टिअरिंगवर बसली, सासरे शेजारी. पहिल्या गिअरला गाडीने बेडकासारख्या तीन उड्या मारल्या.

"क्लच आहे तो, जिना नव्हे," सासरे म्हणाले.

फाटकाबाहेर तिने विचारलं, "डावीकडे की उजवीकडे?"

"पेट्रोल किती घातलंयस?"

"दहा लिटर."

सासरे सीटमध्ये नीट टेकून बसले. "मग घे लांबच्या रस्त्याने."