घरातून काय जातंय

"ताई, तुमची कात्री हवेतच थांबलीय," पडद्यावरची एक विद्यार्थिनी म्हणाली. शिवणताई कॉलर कापून दाखवत होती. ती काही बोलणार तोच सगळ्यांचे चेहरे गोठले आणि वर्ग बंद पडला.

सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून तिचं शिवणाचं दुकान बंद होतं. नवरा परगावी नोकरीला, फक्त रविवारी घरी. उंबरठा ओलांडायचा तर सासूबाईंजवळ कोण? म्हणून तिने घरातूनच ऑनलाइन शिकवायला घेतलं होतं. दुपारचा वर्ग हाच दिवसातला झरोका. तोही आता बुजत चालला होता.

तिने सगळं करून पाहिलं. राउटर बंद करून चालू केला. लोखंडी कपाटामागून काढून उंचावर ठेवला. सासूबाईंची मालिका मध्येच तोडली आणि बोलणी खाल्ली. तरी ये रे माझ्या मागल्या.

शेवटी इंटरनेटवाला आला. त्याने लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडून वेग तपासला.

"ताई, येणारा रस्ता मोकळा आहे. जाणारा तुंबलाय. घरातून सतत काहीतरी बाहेर जातंय."

"घरातून काय जाणार? मीसुद्धा जात नाही."

तो हसला आणि एकेक वस्तू बंद करत गेला. टीव्ही, तिच्या फोनचं वाय-फाय, मग सासूबाईंच्या पलंगासमोरचा कॅमेरा. त्याची पिन काढताच वेगाचा आकडा झर्रकन वर चढला.

"हाच तो. कुणीतरी हा दिवसभर उघडून बसतंय. आत्तासुद्धा बघत होतं."

कॅमेरा नणंदेने परदेशी जाताना बसवून घेतला होता. सकाळ-संध्याकाळ आईला डोळे भरून बघेन, म्हणाली होती. शिवणताईने कॅमेरा भिंतीकडे वळवला. त्याच खोलीत ती भिंतीला टेकून पेंगायची, तिथेच रडायची. सासूबाईंवर एकदा खेकसली होती, तेही तिथेच.

फोन वाजला. नणंदच होती. "वहिनी, कॅमेरा का बंद पडला? आई बरी आहे ना?"

"बऱ्या आहेत. तू दिवसभर बघत असतेस?"

"काम करताना बाजूला उघडा ठेवते. तुझ्यावर पाळत नाही गं. आईचा श्वास चाललेला दिसला की जिवाला बरं वाटतं."

"मग मी रडताना दिसले असेन."

"दिसलीस."

"आणि मुकाट्याने बघत राहिलीस?"

"काय बोलणार होते? मी येते, असं म्हणता येत नव्हतं."

शिवणताईला ओरडावंसं वाटलं. इंटरनेटवाला मान खाली घालून वायर गुंडाळत बसला. मग ती म्हणाली, "दुपारी वर्गाच्या वेळी कॅमेरा बंद राहील. तेव्हा तू फोन कर, मी त्यांच्याजवळ स्पीकरवर ठेवून देईन. नुसत्या आवाजाला फारसं इंटरनेट लागत नाही. बघू नकोस, बोल. त्यांना काही लागलं तर मला मोठ्याने हाक मार."

"रोज?"

"मी रोजच इथे असते."

दुसऱ्या दिवशी तिने मधलं दार लोटून घेतलं. कात्री न अडखळता चालली, कॉलर सगळ्यांना नीट दिसली. दारापलीकडून सासूबाईंचा आवाज येत होता, "सून चांगली आहे गं, पण हल्ली भारी तिरसट झालीय." शिवणताईने ओठ दाबून हसू आवरलं आणि पुढचं कापड ओढलं.

वर्ग संपला तेव्हा सासूबाईंचा डोळा लागला होता. नणंद अजून फोनवर होती. "वहिनी, मी आहे लाइनवर. तू कोपऱ्यापर्यंत जाऊन ये की."

"आणि काही झालं तर? तू तिथून काय करणार?"



शिवणताईने चपला घातल्या. दार सताड उघडं ठेवून ती जिन्याच्या वरच्याच पायरीवर बसली. खाली कुणीतरी सायकलमध्ये हवा भरत होतं. पंपाचा आवाज थांबेपर्यंत ती बसून राहिली, मग उठून आत आली.