समुद्र उघडेपर्यंत

सितारामला समुद्र बघायचा नव्हता. बघायला शाळेच्या सहली जातात. त्याला समुद्रात जाळं टाकायचं होतं, स्वतःच्या हातानं, आणि वर ओढताना ते किती जड लागतं ते अनुभवायचं होतं.

हे याड त्याच्या डोक्यात धाकूनं घातलं. धाकू हर्णैचा कोळी, रेल्वेच्या नोकरीपायी चुडाव्याला येऊन पडलेला. दोघं एकाच गँगमध्ये, रुळाखालची खडी ठोकणारे. दुपारच्याला लिंबाखाली भाकरी सोडली की धाकू समुद्र सुरू करायचा आणि सिताराम घास हातात धरून ऐकत राहायचा. तो गोदावरीकाठी जन्मलेला. इकडं तिला गंगाच म्हणतात. तिच्यातली मरळ आणि वाम त्यानं पोरपणापासून पकडली होती. पण ज्या पाण्याला दुसरा काठच नाही, त्या पाण्याची गोष्ट वेगळी.

"कधी जावं मग?" त्यानं विचारलं, तर धाकूनं त्याला सगळं वर्षच मांडून दाखवलं. दिवाळीनंतर सुरमई, पापलेट. थंडीत बांगडा, जाळं फाटेस्तोवर. उन्हाळ्यात बोंबील वाळवायचे. जेठ सरला की होड्या ओढून वर घ्यायच्या आणि नारळीच्या झापांनी शाकारायच्या.

"आणि आखाडात?"

"आखाडात समुद्र बंद. नारळी पुनवेला नारळ दिला का उघडला. त्याच्या आधी होडी घालायची नाय मेल्या. माझा चुलता गेला होता. जाळं आलं किनाऱ्याला, चुलता नाय आला."

ते सितारामच्या मनात खिळ्यासारखं बसलं. नारळी पुनवेच्या आधी नाही. ठरलं ते असं की अठ्ठ्याहत्तरच्या नारळी पुनवेला धाकूच्या गावी असायचं. सोबत बायको सरजाबाई आणि म्हातारी आई चांगुणाबाई. रेल्वेचा पास होता. मनमाडवरून मुंबई, तिथून एसटी.

थंडीत सरजाबाई नायलॉनच्या सुताचं जाळं विणायला बसली. शेणाच्या पाट्या टाकून आली की बसायची. "आमच्या सात पिढ्यांनी डबकं पाह्यलं न्हाई धड, अन् ह्यास्नी दर्या पाह्यजे," असं म्हणायची आणि गाठी मात्र अशा घट्ट मारायची की धाकूनं बघून तोंडात बोट घातलं. छपरावरच्या वेलाचे कडू भोपळे सितारामनं उतरवले, उन्हाळाभर तापत्या पत्र्यावर वाळवले. आतून खडखड वाजायला लागले तेव्हा राळ लावून त्यांची तोंडं बंद केली. जाळ्याला तरंगतं ठेवायला भोपळे. धाकू हसला, म्हणाला आमच्याकडं हलक्या लाकडाचे ठोकळे असतात. सिताराम म्हणाला, आमच्याकडं हेच असतात.

बेतात चौथा माणूस होता. मुंजाजी.

मुंजाजी मराठ्याचा. कोरडवाहू रान, एक बैल स्वतःचा, दुसरा भावकीतून मागून आणलेला. लहानपणापासून दोघं एकाच डोहावर गळ टाकून बसायचे. मासा गावला की काठावरच तीन दगडांची चूल मांडायची. सिताराम भाजायचा, मुंजाजी खायचा. खाऊन झालं की वाळूनं हात घासायचा, चूळ भरायचा, लिंबाचा पाला चावायचा आणि मग घरी जायचा. काठावर खाल्लेलं काठावरच राहायचं. इतक्या वर्षांत त्याच्या घरच्यांना कळलं नाही, की कळून गप्प बसले, देव जाणे.

"समुद्राचं पानी खारट आस्तंय म्हनं," मुंजाजी म्हणायचा. "मंग मासा बी आतून खारट आसंल का रं?"

"आत्तापासून मिठाची बचत करायलाय व्हय?"

"बायकू म्हनली, जायाचं तर जा, पर येताना दर्यातच आंघूळ करून ये. इटाळ फिटंल."

दोघंही हसायचे. आता लिहिताना वाटतं, त्या हसण्यात सिताराम कसा काय सामील व्हायचा? पण व्हायचा. माणूस मैत्री टिकवायला काय काय गिळतो.

गाव नदीच्या वळणात बसलेलं. तीन अंगांनी पाणी, चौथ्या अंगाला गावातून जाणारा एकच रस्ता. वळणाच्या टोकाला, पाण्याला सगळ्यात जवळ, सितारामचा बौद्धवाडा. गाव अजून महारवाडाच म्हणायचं. चुडाव्याचं टेशन नदीपल्याड. उन्हाळ्यात चालत पार व्हायचं आणि पावसाळ्यात काहिलीतून. काहिल म्हणजे गावातले मोठे बागायतदार आबासाहेब यांच्या गुऱ्हाळातली जुनी लोखंडी कढई, ऊस उकळून गूळ करायची, चार माणसं बसतील एवढी. बूड झिजलं म्हणून त्यांनी ती नदीवर सोडलेली. मिरगापासून दसऱ्यापर्यंत ती बाभळीला बांधलेली असायची. ती वल्हवायची कळ सितारामएवढी कुणालाच नव्हती. आबासाहेबांना तालुक्याला जायचं असलं की तेसुद्धा त्याच काहिलीत बसायचे, धोतराचा सोगा वर धरून, सितारामला शिवणार नाही असे.

मग रेडिओवर बातमी आली. मुंबईत ठराव पास झाला. मराठवाड्याच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव.

वाड्यात लोकांनी साखर वाटली. चांगुणाबाईनं नातवाच्या वयाच्या पोरांना विचारलं, "म्हंजी आता साळंच्या दारावर त्यांचं नाव?" आणि रडली. गावातला एकही माणूस त्या विद्यापीठाची पायरी चढलेला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाच्या छातीवर जणू कुणी दगड ठेवला होता.

सरजाबाई दळण घेऊन गिरणीवर गेली. गिरणीवाला म्हणाला, पट्टा तुटलाय. त्याच्या पाठीमागं गिरणी फडफड चालू होती. दुकानात घासलेट मिळेना. "गाडी आली न्हाई," दुकानदार म्हणाला आणि पाराखालून दोन पोरं भरलेले डबे घेऊन आबासाहेबांच्या शेतातल्या आखाड्याकडं गेली. सगळ्यांच्या देखत.

आबासाहेब काहिलीत बसताना म्हणाले, "सिताराम, तुमच्या नावाचं इद्यापीठ झालं म्हनं."

"झालं म्हनायलेत, आबासाहेब."

"मंग हितं कशाला ऱ्हाता? तिकडंच जा की ऱ्हायला. खोल्या आस्तील."

सोबतचे दोघं हसले. लगेच नाही. आधी आबासाहेबांच्या तोंडाकडं पाहिलं आणि मग हसले. सितारामला ते हसण्याआधीचं थांबणं दिवसभर टोचत राहिलं. धाकू एकदा म्हणाला होता, समुद्रात वारा एकदम पडला तर घाबरायचं, वाहतोय तोवर भ्यायचं काम नाय. सितारामला हे आठवलं. पण ते त्यानं समुद्रासाठी जपून ठेवलं.

"आज निघू," सरजाबाई म्हणाली. श्रावण नुकता लागला होता. जाळं घडी करून उतरंडीशी ठेवलेलं, भोपळ्यांची माळ आढ्याला टांगलेली.

"समुद्र बंद हाय अजून."

"समुद्र गेला खड्ड्यात! तुमच्या टेशनात जाऊन बसू. फलाटावर ऱ्हाऊ."

"आगं पुनवेला निघायचंच हाय नव्हं? म्हातारीला दोन-दोनदा कशाला फरफटायचं? अन् आबासाहेबाला नदी वलांडायला मी लागतो. मला काय करत्यात?"

हीच त्याची चूक. सगळ्या ऋतूंचा हिशेब ठेवणारा माणूस. जेठात वारा कुठून, भाद्रपदात पाणी कसं, सगळं पाठ. ज्या समुद्राला कधी पाहिलं नाही त्याची एवढी भीती बाळगली, आणि ज्या गावात जन्मला त्याचा ऋतू नाकासमोर पालटला तो त्याला दिसला नाही. बेत चोख होता म्हणून तो घरात थांबला. वेडावाकडा, घाईचा माणूस असता तर सुटला असता.

त्याच दिवशी दिवस मावळायच्या आधी मुंजाजी डोहावर आला. श्रावणात तो मासा खात नसे, की काठावर फिरकत नसे. हातात गळ नव्हता.

"उद्याच्याला निघ," तो म्हणाला.

"पुनवेला नं?"

"उद्याच्याला म्हनायलोय मी."

"आरं पर समुद्र—"

"तू हो म्होरं. मी येतो मागून."

"तुझ्याबिगर? आपलं दोघांचं ठरलं व्हतं नव्हं?"

मुंजाजी पाण्याकडं बघत राहिला. "ठरलं व्हतं," म्हणाला आणि निघून गेला.

अर्धं सांगून गेला. उरलेलं अर्धं सांगितलं असतं तर भावकीनं त्याला वाळीत टाकलं असतं, दुसरा बैल मिळाला नसता, पोरीचं लगीन मोडलं असतं. कारणं सगळ्यांकडं असतात. ज्यांच्या हातात काड्या असतात त्यांच्याकडं तर लय असतात.

सकाळी सिताराम ड्यूटीवर जायला नदीवर आला तर बाभळीला काहिल नव्हती.

चिखलात ओढल्याची रुंद घसट होती, दोन्ही बाजूंना बैलांची खुरं. ती घसट सरळ आबासाहेबांच्या गुऱ्हाळाकडं गेलेली. सिताराम तिथंच उभा राहिला. ऊस अजून पोटरीएवढा. श्रावणात गूळ कोण करतं? चुलाणावर काहिल चढते ती थंडीत. आत्ता ती नेली ती काही शिजवायला नव्हे. नदीवाटं कुणी निसटू नये म्हणून नेली.

तो पळत वाड्यात आला. थोरले तात्याराव समाजमंदिराच्या ओट्यावर बसले होते. "उगं घाबरू नगा," ते म्हणाले. "आबासाहेबानं काल शबुद दिलाय मला. कुनाच्या केसाला धक्का लागनार न्हाई."

"शबुद दिला, तात्या. अन् काहिल नेली."



सितारामनं आढ्यावरची भोपळ्यांची माळ खाली घेतली. बाज उलटी केली. भोपळे बाजेखाली आवळून बांधायचे तर दोरी पाहिजे, मजबूत, पाण्यात न सैलावणारी. त्यानं जाळ्याकडं पाहिलं आणि त्याचा हात अडला. सरजाबाईनं विळा उचलला. "सरका," म्हणाली. "मी इनलंय, मीच कापते." सगळा हिवाळा तिनं सरासरा कापला.

पहिल्यांदा लेकुरवाळ्या. नदीला पूर नव्हता, पण पाणी गढूळ आणि ओढीचं. सिताराम आणि पोहणारी दोन माणसं बाज ढकलत न्यायची. बाज बायांच्या कमरेपर्यंत बुडायची, बाया डोळे मिटून घ्यायच्या आणि मग बाज पल्याड वाळूला लागायची. परत. पुन्हा. धाकू पलीकडच्या काठावर येऊन उभा राहिला होता. सिताराम ड्यूटीवर आला नाही म्हणून बघायला आलेला. एकेकाला हात देऊन वर ओढत होता.

ऊन वर आलं तेव्हा माळाकडून शिट्ट्या ऐकू आल्या. मग पहिला धूर. मग गोठ्यातली बांधलेली म्हैस ओरडली, ती ओरडतच राहिली.

चांगुणाबाई मागं राहिली होती. आधी लेकरं, म्हणत प्रत्येक खेपेला मागं सरलेली. सिताराम शेवटचा वळला तेव्हा अंगात त्राण नव्हतं. काठाला लागला तर म्हातारी चिखलात गुडघ्यापर्यंत रुतलेली, आणि मागून कुणीतरी पळत येत होतं. हातात पत्र्याचा डबा.

मुंजाजी.

दोघांची नजर भेटली. मुंजाजीनं मागं वळून पाहिलं. हाक मारली असती तर दहा माणसं आली असती. त्यानं हाक मारली नाही. डबा काठावर टाकला, चिखलात उतरला, म्हातारीच्या काखेत हात घातले आणि तिला उचलून बाजेवर ठेवली.

"जा," म्हणाला. "सिताराम, जा. आरं जा की!"

सितारामनं बाज लोटली. उतारावरून घरंगळत डबा पाण्यात आला आणि बाजेच्या बाजूनं चालू लागला, भोपळ्यासारखा, वरच्या वर, हलका. थोडा वेळ सोबत आला. मग धारेला लागला.

पल्याड सरजाबाईनं म्हातारीचं ओलं लुगडं पिळलं. "कोन व्हता गं तो?" चांगुणाबाईनं विचारलं. तिला धड दिसत नव्हतं. "हात लय वास मारत व्हते. घासलेटाचे."

नदीपल्याड वाडा जळत होता.

दुसऱ्या दिवशी चुडाव्याच्या फलाटावर पोलीस आले. वाड्यातली सगळी माणसं तिथंच बसलेली, अंगावरच्या कपड्यानिशी. साहेबानं विचारलं, कुणाला ओळखलं का? तात्याराव खाली बघत बसले. बायांनी पदर तोंडावर घेतले. परत त्याच गावात जायचं होतं प्रत्येकाला.

सिताराम उठला. त्यानं आबासाहेबांचं नाव सांगितलं, घासलेटाचे डबे नेणाऱ्या पोरांची सांगितली. मग थांबला. सरजाबाई त्याच्याकडं बघत होती.

"अन् मुंजाजी," तो म्हणाला.

धाकू दचकला. त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "मेल्या, त्यानं तुझी आई उचलून दिली. मी बघितलं. डबा टाकला त्यानं."

"टाकला," सिताराम म्हणाला. "मी बी बघितला. भरलेला डबा पाण्यात जड चालतो धाकू, कानापतूर बुडून. त्यो वर तरंगत व्हता. रिकामा करून मंग टाकला त्यानं."